मागल्या दाराचा घुमट

आमच्या मागल्या दारी, गोठा आणि शेवगा यांच्या मधल्या जागेत, विटांचा एक घुमट आहे. जोत्यासकट माणसाच्या छातीइतका उंच. पुढं बुटकं तोंड, त्यावर हातभर धुराडं. नवा माणूस बघतो तेव्हा त्याला ती कुणाची तरी समाधी वाटते. खोडदला त्या मोठ्या दुर्बिणीच्या ताटल्या आभाळाकडं तोंड करून उभ्या आहेत. शेजारचे अण्णा म्हणाले, "त्यातली एक तुमच्याकडं पालथी पडली का काय?" पण ती पिझ्झा भाजायची भट्टी आहे. ती बांधली त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात जे झालं, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

कल्पना पुतण्याची. तो हॉटेलचं शिक्षण घेऊन पुण्यात एका हॉटेलात स्वयंपाकाला होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तो बॅग घेऊन घरी आला. दोन वर्षं शेतात राबला, पण मन लागेना. सरकारनं २०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलंय. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर करायला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. त्या लोकांना आपल्याच मळ्यात बसवून खाऊ घालू, असं त्याचं म्हणणं. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ते पटेना. टोमॅटोचा भाव एक वर्ष डोक्यावर घेतो आणि दुसऱ्या वर्षी तोडणीची मजुरीही निघत नाही, हे त्यानं आयुष्यभर पाहिलेलं. "मातीत घातलेलं निदान पीक होऊन येतं. विटांत घातलेलं काय येणार?" पोरगं गप्प बसलं. मला मात्र कळत होतं, की ही भट्टी झाली नाही तर ते परत पुण्याला जाईल आणि मग सणावारापुरतंच येईल.

अण्णांनी आणखी एक काडी टाकली. "बाबू गेनूच्या मुलखाला खेटून राहायचं आणि परदेशी भाकरीची भट्टी घालायची?" आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला आणि चिरडून मेला. आमच्याकडं हे पोरासोरांना ठाऊक असतं. बोलणं चेष्टेतलं, पण पुतण्याला लागलं. तेव्हा ओट्यावर शेंगा फोडत बसलेली आई म्हणाली, "अण्णा, तुमच्या सातगाव पठारावरल्या सोयऱ्याचा बटाटा कुठला हाय? पोराच्या पुस्तकात वाचून दावलं व्हतं मला. बटाटा, टमाटू, मिरची, समदं बोटीतनं आलेलं. मिरची सोडा बरं आधी." अण्णा हसले आणि विषय मिटला. पण आई त्या बाजूनं बोलली, याचंच मला नवल वाटलं.

कारण आई बरीच वर्षं घरातल्या कुठल्याच कामात बोलत नव्हती. गॅस आला तेव्हा तिची चूल स्वयंपाकघरातून पडवीत गेली, पडवीतून मागल्या दारी गेली आणि पडवीला फरशी बसवली त्या साली मोडली. कुणी तिचा अपमान केला नाही. फक्त तिला काही विचारायचं असं उरलं नाही.

गवंडीदादा आले ते सिमेंटची पोती सांगूनच. पुतण्यानं त्यांना थांबवलं. भट्टीच्या आत चारशे अंशांपर्यंत ताप जातो, तिथं साधं सिमेंट भुगा होऊन सुटतं. आतल्या थराला माती आणि वाळूच हवी, हे तो शिकून आला होता. पण कुठली माती, किती वाळू, हे त्याला हातानं ठाऊक नव्हतं. त्यानं आणलेल्या काळ्या मातीची पहिली वडी उन्हात वाळवली तर तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. आई उठून आली. तिनं मातीची वळी केली आणि बोटाला गुंडाळली. "ही काळी माती. पाणी प्यायली की फुगती, वाळली की फाटती. चुलीला आमच्या आई घोडीच्या काठची आणायची." घोडी म्हणजे घोडनदी.

आईचं माहेर घोडनदीच्या काठी, जुन्या आंबेगावाच्या शेजारी. ज्या गावाच्या नावानं तालुका आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी आधीपासून घोडेगावला म्हणून तालुक्याचं नाव तेवढं राहिलं. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. आईचं माहेरही त्यात गेलं. मामा पुनर्वसनाच्या जागेत राहायला गेले. आई त्या गावाबद्दल कधी बोलत नसे. विचारलं तर म्हणे, "पाण्यातल्या गोष्टी."

मे महिना होता. पाणी खाली गेलेलं. पुतण्या म्हणाला, "आज्जे, चल. तूच दाखव कुठली माती." मला वाटलं नाही म्हणेल. ती लुगडं बदलून गाडीत बसली.

उघड्या पडलेल्या पात्रात सगळीकडं गाळाची पापडी, मधेमधे घरांची दगडी जोती. आई न विचारता चालत गेली. एका उंबऱ्याच्या दगडाशी थांबली. "हितं दार. हितं चूल." तिथं काहीच नव्हतं. चूल कच्च्या मातीची. पहिल्या पाण्यालाच विरघळली असणार. मी शाळेत मुलांना पॉम्पेई शिकवताना सांगायचो, की इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या इटलीतल्या गावात भाजणाऱ्यांच्या विटांच्या घुमटी भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. राखेनं राखलं. पाण्यानं काही राखलं नव्हतं. आई थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसून गाळ बाजूला सारला आणि खालची तांबूस माती चिमटीत धरून पुतण्याच्या हातावर ठेवली. "ही घे." दोन पोती भरली. परतीच्या वाटेवर घोडेगावपर्यंत ती बोलत होती: कुणाचं घर कुठं, कुणाच्या अंगणात भात झोडायचे, कुणाच्या लग्नात किती पायल्या तांदूळ शिजला. पुतण्या गाडी हळू चालवत होता.

घरी आल्यावर कामाची सूत्रं तिच्याकडं गेली. एक पाटी माती, तीन पाट्या चाळलेली वाळू. रात्रभर भिजत घालायची, सकाळी पायानं तुडवायची. "आरं, चिखुल असा मळत्यात व्हय? टाचंनं दाब." गवंडीदादांनीही धोतर खोचलं. जोतं दगडात घातलं, वर वाळू अंथरून तिच्यावर फायरब्रिकची फरशी. त्या तीस-पस्तीस विटा भोसरीकडच्या भंगारवाल्याकडून आणल्या, कुठल्या तरी कारखान्याच्या मोडलेल्या भट्टीतल्या. घुमटाला गावच्या वीटभट्टीच्या साध्या, पण खणखणीत भाजलेल्या. आई एकेक वीट दुसरीवर आपटून आवाज ऐकायची, बद वाजली की बाजूला. सव्वाशे आणल्या, शंभरेक लागल्या.

आतला व्यास तीन फूट, उंची दीड फूट. फरशीवर ओल्या वाळूचा तेवढाच ढीग रचला, थापून गोल केला, वर ओली वर्तमानपत्रं चिकटवली. कागद का, तर पुढं आतली वाळू उकरताना कुठं थांबायचं ते कळावं म्हणून. मग अर्ध्या विटांचे कडे, एकावर एक, वर जाईल तसे लहान. वर जाताना प्रत्येक वीट आत झुकते. एकटी असती तर पडली असती. कडं पूर्ण झालं की तीच वीट शेजारणीला दाबून धरते. जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी बारा खांबांच्या वर कोरलेलं घुमटाकार छत आहे, पण ते डोंगरातच कोरलेलं, त्याला पडायची भीती नाही. रचलेला घुमट मात्र सारखा बाहेर ढकलत असतो. गवंडीदादा म्हणाले, "हापूसबागेकडचा सौदागर घुमट लहानपणापासून बघतोय, पण गोल चढवायचा हात आजच बसला." तोंडाची उंची पुतण्यानं सव्वाअकरा इंच धरली, घुमटाच्या उंचीच्या साधारण त्रेसष्ट टक्के. जास्त ठेवली तर ताप निघून जातो, कमी ठेवली तर आत हवा खेळत नाही आणि जाळ गुदमरतो. माथ्यावरची शेवटची वीट बसवायला दादाला बोलावलं. तो आला, वीट ठोकली आणि काही न बोलता पाणी धरायला गेला. पण दुसऱ्या दिवशी गिरणीतून भाताच्या तुसाची चार पोती त्यानंच आणून टाकली.

ते तूस, शेण आणि उरलेली माती यांचं चार बोटं जाड लिंपण वरून झालं. तूस ताप धरून ठेवतं, हे पुतण्यानं सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी गोधडी." तिसऱ्या दिवशी आतली वाळू उकरून काढली. कागदाचा शेवटचा तुकडा निघाला आणि वर घुमट तसाच राहिला, तेव्हा घरातली सगळी माणसं वाकून आत बघत होती.

पुतण्याला त्याच संध्याकाळी मोठा जाळ करायचा होता. आईनं काडेपेटी कमरेला खोचली. विटांत आणि मातीत पाणी असतं, एकदम ताप लागला तर त्याची वाफ होऊन तडकतं. आठवडाभर तिनं आत फक्त काटक्यांचा जाळ होऊ दिला, रोज थोडा वाढवत. कुंभाराचा आवा असाच धरतात. आमच्याकडं बिबट्याची भीती, म्हणून तिन्हीसांजेच्या आत जाळ विझवून आम्ही घरात यायचो, आणि रात्री उशिरापर्यंत मागल्या भिंतीला ऊब लागायची.

पहिला मोठा जाळ केला तेव्हा आतला घुमट काजळीनं काळा झाला आणि तासाभरानं ती काजळी जळून विटा पुन्हा उजळल्या. पुतण्याकडं ताप मोजायचं यंत्र होतं. आईनं फरशीवर चिमूटभर पीठ टाकलं. लगेच काळं झालं. "तुझ्या त्या पिझ्झ्याला बरोबर. माझ्या भाकरीला वेळ हाय." दोन मिनिटांत पिझ्झा फुगून निघाला, वर आपल्याच टोमॅटोचा रस्सा. तिनं एक घास खाल्ला आणि चीजला रबर म्हणाली. जाळ ओसरल्यावर आत वांगी सरकवली, रात्री बटाटे, आणि सकाळी उरलेल्या तापावर शेंगदाणे. एका जाळावर तीन वेळचं काम होतं, हे तिला सगळ्यात आवडलं.

आता शनिवार-रविवारी लोक येतात. कधी चार टेबलं, कधी एकही नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला, तेव्हा दादा म्हणाला, "रस्सा करू नका, विका." पुढं भाव पडला तेव्हा तोच क्रेट भट्टीजवळ आणून ठेवू लागला. श्रीमंत कुणी झालं नाही. पण पुतण्या इथं आहे, आणि मासवडी त्या भट्टीत भाजता येईल का यावर आजी-नातवाचं अजून भांडण चालू आहे.

लिंपणाला दरवर्षी डागडुजी लागते. त्यासाठी मे महिन्यात पाणी उतरलं की ती दोघं घोडनदीवर जातात आणि अर्धं पोतं माती आणतात. यंदा मी भट्टी नीट तपासली. पाऊस चांगला आडवला गेला होता, कुठं बारीकशी भेगही नव्हती. मी पुतण्याला तसं सांगितलं.

"माहिताय, काका," तो गाडी पुसत म्हणाला. "आज्जीला सांगू नका."