अब्बा काय काम करतात?

आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील गेल्या वर्षी आजारी पडले. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, जिना चढताना धाप. तपासणीत अप्लास्टिक अ‍ॅनिमिया निघाला. या आजारात हाडांतला मगज रक्त बनवणंच थांबवतो. पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा लाखांमागे दोघांना होतो, आशियात त्याच्या दोन-तीन पट. मदतनिधीचे फॉर्म भरायला त्यांची बायको जाड फाईल घेऊन माझ्याकडे आली. फाईलमध्ये वय, वजन, रक्तगट, सगळं होतं. हा माणूस वीस वर्षं बंद गाळ्यात चामड्याच्या पर्स सोल्यूशनने चिकटवतो, हे मात्र कुठंच नव्हतं.

"टीचर, अल्लाह की मर्ज़ी," ती म्हणाली.

मर्जी अल्लाहचीच, त्यावर वाद नाही. पण गाळ्याला खिडकी नसणं ही माणसाची मर्जी आहे.

रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं इटलीच्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं. तो प्रश्न नीट विचारला की काय होतं, ते इस्तंबूलमध्ये दिसलं. तिथल्या चपला-बूट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत 1960 च्या सुमारास बेन्झिन असलेला स्वस्त डिंक आला. पुढे मुझफ्फर अक्सॉय या रक्तविकारतज्ज्ञाकडे एकाच धंद्यातले रुग्ण येऊ लागले. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळंच घटलेलं. काहींना नंतर ल्युकेमिया झाला. अक्सॉय दवाखान्यात थांबले नाहीत. कारखान्यांतल्या हवेतलं बेन्झिन मोजलं गेलं, कामगारांचं रक्त तपासलं गेलं. 1974 साली त्यांनी आकडे छापले: 28,500 चपला कामगारांत ल्युकेमिया किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेचे 26 रुग्ण. वर्षाला लाखामागे 13, तर सर्वसाधारण लोकांत 6. बेन्झिनचा डिंक बंद होत गेला तसे काही वर्षांनी रुग्णही कमी झाले. 1977 मध्ये अमेरिकेत बेन्झिनची मर्यादा ठरवण्यासाठी सुनावणी झाली, तिथे त्यांनी साक्ष दिली. ही मर्यादा तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1980 मध्ये रद्द केली आणि 1987 मध्ये ती पुन्हा आली: हवेच्या दहा लाख भागांत एक भाग. इस्तंबूलच्या कारखान्यांत ती शेकड्यांत भरली होती.

त्या मुलीच्या अब्बांचा आजार सोल्यूशनमुळेच झाला, असं मी म्हणत नाही. एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही. कधी काही औषधांमुळे, तर पुष्कळदा शरीराची प्रतिकारशक्तीच मगजावर उलटल्यामुळे हा आजार होतो. आता अनेक डिंकांत बेन्झिनऐवजी टोल्युइन असतं, पण त्यात बेन्झिनची भेसळ असू शकते. म्हणून तर नोंद हवी. एकाच गल्लीतले तीन रुग्ण तीन वेगळ्या इस्पितळांत गेले आणि तिन्ही फाईलींत 'मजूर' एवढंच लिहिलं, तर त्या तिघांना जोडणारा धागा कुणाला दिसणार?

आपल्या 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने बेन्झिनची विषबाधा कळवण्याच्या आजारांत घातली; डॉक्टरने ती सरकारला कळवायची. पण त्या मूळ कायद्यात फॅक्टरी म्हणजे वीज असेल तर किमान दहा कामगार, अशी व्याख्या होती. आपल्या मोहल्ल्यातल्या गाळ्यात असतात सहा, सात. तेही वरच्या माळ्यावर, जिथे काम तिथेच झोप.

म्हणून घरात कुणी पर्स, चप्पल, रंग, पॉलिश किंवा छपाईच्या कामात असेल आणि त्याला सारखा थकवा, विनाकारण निळे डाग, वारंवार ताप असं काही असेल, तर साधी रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा: काम काय, किती वर्षं, खिडकी आहे की नाही. डब्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. फाईलच्या पहिल्या पानावर ते लिहूनच घ्या. दुआ आपण करतोच आहोत.