रुंदीकरणानंतरचा रस्ता

बिदरच्या जुन्या गावात कुठल्याही वेशीतून शिरा, पावलं चौबाऱ्याशी येऊन पोचतात. 71 फूट उंचीचा हा गोल बुरूज चार रस्त्यांच्या मध्यावर उभा आहे. इथून किल्ल्याकडे निघालं की वाटेत महमूद गवानचा मदरसा लागतो. भालकी तालुक्यातल्या खेड्यातून लग्न होऊन मी आले ती चौबाऱ्याजवळच्याच वस्तीत. खाली सासऱ्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान, वर घर. पुढे मराठी माध्यमाच्या एका शाळेत नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत मी घर ते शाळा चालतच गेले. रस्त्याबद्दल मी जे सांगते आहे, ते एका चालणाऱ्या बाईचं सांगणं आहे.

2009-10 च्या सुमारास जुन्या बिदरमध्ये रस्ते रुंद करण्याची मोठी मोहीम निघाली. टेप घेऊन माणसं आली, त्यांनी रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना मोजलं आणि भिंतींवर लाल रंगाच्या खुणा केल्या. कुणाचा ओटा जात होता, कुणाची अर्धी खोली, कुणाचं अख्खं दुकान. आमच्या दुकानाची पुढची बाजू जाणार होती. घरात दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. मग मामंजी म्हणाले, “रस्ता व्हायलाच पायजे. दवाखान्याची गाडी गल्लीत अडकल्याली आपण बघितलं की. आपलं चार फूट गेलं म्हणून काय मरत नाही.” त्यांनी स्वतः उभं राहून फळ्या काढल्या, कपाटं मागे सरकवली आणि मशीन यायच्या आधी दुकान मोकळं करून दिलं.

त्यांचं म्हणणं खरं होतं. आधीचा रस्ता फार अडचणीचा होता. उघडी गटारं, दोन गाड्या समोरासमोर आल्या की थांबलेला सगळा बाजार, पावसाळ्यात घोट्यापर्यंत पाणी. रुंदीकरणानंतर रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ लागली. गटारं झाकली गेली, दिवे लागले. ज्यांनी आपली जागा दिली त्यांना या गोष्टींचा अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता. गाव आपलं आहे असं मानणाऱ्या माणसांनीच ती जागा सोडली होती.

पण त्याच रुंदीकरणात आमच्या दारातला कडुनिंब गेला. तो कुणी लावला ते मामंजींनाही माहीत नव्हतं. त्याच्याखाली केळीचा गाडा उभा राहायचा, मदरसा पाहायला आलेले पाहुणे टेकायचे, शाळा सुटल्यावर मुलं दप्तरं ठेवून लिंबोळ्या वेचायची. झाडाबरोबर दुकानांचे पुढे आलेले छज्जे गेले आणि ओटेही गेले. जुन्या गावातली माणसं एका छज्ज्याखालून दुसऱ्या छज्ज्याखाली अशी सावली धरून चालत असत. ती सावलीची वाट कुठल्याही नकाशावर नव्हती, म्हणून ती गेल्याची नोंदही कुठे झाली नाही.

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कलबुर्गी तर त्याहून जास्त तापते. डांबर हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतं आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतं. दुपारी शाळा सुटल्यावर चपलेच्या तळातून लागणारा तो चटका मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहत असे. पहिली-दुसरीची मुलं चालणं सोडून पळू लागत, आणि पळणारं मूल रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघत नाही. सावली ही चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा एप्रिलमध्ये आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभं राहावं. आमच्या भागात सावलीचा संबंध थेट जिवाशी आहे.

दुसरा बदल वेगाचा. रस्ता मोकळा झाला तशा गाड्या वेगाने येऊ लागल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वाहनांचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. हा आकडा मी पुष्कळ नंतर वाचला, पण त्याचा अर्थ आम्हाला आधीच कळला होता. वयस्क माणूस सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतो. पूर्वीचा सहा-सात मीटरचा रस्ता तो सहा-सात सेकंदांत ओलांडायचा. तोच रस्ता पंधरा मीटरचा झाला की त्याला पंधरा सेकंद गाड्यांच्या समोर राहावं लागतं. मध्ये थांबायला जागा नाही, पांढरे पट्टे नाहीत. शेजारच्या गल्लीत बिदरीकाम करणारे एक जुने कारागीर होते. जस्ताच्या काळ्या सुरईवर चांदीची तार बसवणारे त्यांचे हात सत्तरीतही थरथरत नसत. एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना मोटारसायकलने त्यांना उडवलं, खुब्याचं हाड मोडलं. ते वाचले, पण त्यानंतर ते कारखान्यात बसले नाहीत. त्यांच्या अंगणात बसून मी ठरवलं की आता या रस्त्याकडे नीट बघायचं.

त्याच सुमारास मुलाकडे पुण्याला राहणं झालं. तो मला जंगली महाराज रस्त्यावर फिरायला घेऊन गेला. या रस्त्याची गोष्ट पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 1970 च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने तो बांधला आणि दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी दिली. रस्त्याने ती हमी कितीतरी पटींनी पाळली. म्हणजे डांबर उत्तम असूनही 2016 नंतर महापालिकेने हा रस्ता पुन्हा हाती घेतला, आणि या वेळी बदलला तो कडेचा भाग. 2016 मध्येच पुण्याने रस्त्यांच्या रचनेसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली होती.

मी तिथे शिक्षिकेच्या नजरेने बघत होते. पदपथ इतका रुंद की आजी, सून आणि बाबागाडी शेजारी शेजारी चालू शकतील. जुनी झाडं जागेवर ठेवून पदपथ त्यांच्याभोवती वळवलेला. बसायला बाक, मुलांना खेळायला जागा. चौकात पदपथ उतरता झालेला, त्यामुळे चाकाच्या खुर्चीला अडथळा नाही. गाड्या लावायला वेगळे कप्पे आखलेले. सगळं निर्दोष होतं असं नाही. काही ठिकाणी दुचाक्या पदपथावर चढल्या होत्या, आणि तिथून दोन चौक पुढे गेलं की पुण्यातलाही चालणारा माणूस आमच्याइतकाच हतबल होता. पण एक गोष्ट डोळ्यांनी दिसली. रस्त्याची रुंदी तेवढीच ठेवून तिची वाटणी बदलता येते. मोहिमेत आम्ही जी जागा दिली होती ती सगळी गाड्यांच्या वाट्याला गेली होती. तिच्यातला थोडा भाग माणसांना परत मिळू शकत होता.

बिदरला परतल्यावर सातवीच्या मुलांना मी भूगोलाच्या तासाला रस्त्यावर नेलं. त्यांच्या हातात टेप, वही आणि पेन्सिल. त्यांनी पदपथ मोजला, खांब मोजले, झाडं मोजली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांप्रमाणे पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला सलग 1.8 मीटर मोकळी जागा हवी. मुलांच्या वहीत नोंदी अशा होत्या: इथे पायरी गुडघ्याएवढी, इथे पदपथाच्या मधोमध विजेची डीपी, इथे फरशी फुटून खाली गटार. पदपथावर लोक का चालत नाहीत या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत होतं. ज्या पायरीवर म्हाताऱ्या माणसाला चढता येत नाही, ती टाळून तो खालूनच चालणार.

मग कडेला झाडं आणि नीट पदपथ मागायचा म्हणून दुकानात बैठक झाली. आमच्या भागात अशी बैठक कन्नड, मराठी आणि दखनीत एकाच वेळी चालते. एका कन्नड शिक्षकांनी अर्ज लिहिला, मुलांचा नकाशा त्याला जोडला. दुकानदारांच्या मनात दोन धास्ती होत्या. झाडाने पाटी झाकली जाईल, आणि गाडी लावायला जागा उरली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. समोरच्या कापडवाल्या चाचांनी त्यावर मोलाची गोष्ट सांगितली. दुपारी बारा ते चार दुकानात माणूस फिरकत नाही, कारण उन्हात कुणी चालत नाही. सावली झाली तर ते चार तास त्यांना परत मिळतील. हा हिशेब सगळ्यांना पटला. फेरीवाल्यांनाही आम्ही बोलावलं होतं. 2014 च्या कायद्याने त्यांना व्यवसायाचा हक्क दिला आहे, आणि रस्त्याच्या आखणीत त्यांची जागा धरली नाही तर ते पदपथावरच बसणार.

संबंधित कार्यालयातून पहिली दोन वर्षं काही उत्तर आलं नाही. आम्ही अर्ज देत राहिलो. शेवटी एक तरुण इंजिनिअर आले. त्यांचं पहिलं वाक्य, “मॅडम, झाडं आणि पदपथ वाढवला तर रस्ता अरुंद होतो.” मी मुलांची वही पुढे केली. दोन पदरी वाहतुकीला साधारण सात मीटर पुरतात, बाकीच्या जागेत अस्ताव्यस्त उभ्या गाड्या होत्या. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली, स्वतः टेप लावून दोन ठिकाणी तपासलं, आणि त्या दिवसापासून ते आमच्याबरोबर होते.

झाडं लावणं सोपं नव्हतं. बिदर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलं आहे. वरचा थर खरवडला की पहार वाजू लागते. अशा जमिनीत फूटभर खड्डा करून रोप खोचलं तर ते जगतं, पण वाढत नाही. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डे घ्यावे लागले, त्यात काळी माती आणि शेणखत भरावं लागलं. जमिनीखाली पाण्याची लाइन, केबल. डोक्यावर विजेच्या तारा. तारा ज्या बाजूला, तिथे बहावा आणि कांचन. मोकळ्या बाजूला कडुनिंब आणि करंज. बुंध्याभोवतीची जागा सिमेंटने बंद करायची नाही, असं आम्ही आधीच लिहून घेतलं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तो दाखला उपयोगी पडला. माणसाएवढ्या उंचीची रोपं आणली, लोखंडी जाळ्या बसवल्या, आणि प्रत्येक झाड एका दुकानाच्या नावावर केलं. पहिले दोन उन्हाळे पाणी मिळालं तर पुढे झाड आपलं आपण जगतं. चाचा नमाजाला जाताना बादलीभर पाणी घालत, आमचे हे दुकान उघडताना.

शाळेच्या फाटकासमोर पदपथाच्या उंचीला मिळेल असा रुंद, चढता-उतरता पट्टा झाला. गाडीला तिथे वेग कमी करावाच लागतो आणि मुलांना पायरी न उतरता सरळ पलीकडे जाता येतं. आमच्या रस्त्याच्या एका तुकड्याचं एवढं काम झालं. ते थोडं आहे हे मला माहीत आहे. पण त्या तुकड्यावर आज दुपारी माणसं चालतात.

हे काम करताना जुन्या गावाकडे बघायची माझी नजर बदलली. बहमनी काळापासूनचं हे गाव बांधणाऱ्यांना ऊन आणि पाणी दोन्ही कळत होतं. नौबादची सुरंग बावी, म्हणजे जमिनीखालून पाणी वाहून नेणारा करेज, त्याची साक्ष आहे. जगभरातल्या धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या 2014 च्या यादीत बिदर या ऐतिहासिक शहराचं नाव आलं, तेव्हा आम्ही त्या बातमीचं कात्रण दुकानात लावलं. मदरशासारख्या संरक्षित वास्तूच्या शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही. वास्तूला असं संरक्षण आहे ते योग्यच आहे. त्या वास्तूपर्यंत चालत जाणाऱ्या माणसालाही थोडं संरक्षण हवं.

कलबुर्गीला बहिणीकडे जाते तेव्हा जगत चौक आणि सुपर मार्केटच्या परिसरात मी एक गोष्ट पाहते. आमच्या सगळ्याच गावांत हिरवळ आता दुभाजकात लावतात. फुलझाडं छान दिसतात, पण दुभाजकातल्या झाडाची सावली गाड्यांच्या टपावर पडते. चालणारा माणूस कडेने चालतो, त्याचं झाड कडेलाच हवं. रस्ता हिरवा करण्याच्या प्रत्येक योजनेला मी हा एकच प्रश्न विचारते: दुपारी दोन वाजता या झाडाखालून कोण चालणार आहे?

आता हुमनाबाद, बसवकल्याण, औराद, आळंद, सगळीकडे रस्त्यांची कामं निघत आहेत. ती निघायलाच हवीत, आमच्या भागाने रस्त्यांची पुष्कळ वाट पाहिली आहे. माझं मागणं कामाच्या क्रमाबद्दल आहे. आधी उभी असलेली झाडं मोजा, मग पाण्याची आणि विजेची लाइन कुठून जाईल ते ठरवा, मग पदपथ, ओलांडायच्या जागा आणि फेरीवाल्यांची जागा आखा, आणि यातून जी रुंदी उरेल ती गाड्यांना द्या. सगळं डांबर टाकून झाल्यावर कडेला उरलेल्या फूटभर जागेत माणूस आणि झाड बसवायला गेलं तर दोघंही बसत नाहीत. लाल रंगाचा डबा घेऊन खुणा करणारा माणूस उद्या ज्या गल्लीत येईल, तिथल्या लोकांनी त्याला जागा जरूर द्यावी, मामंजींसारखी मोठ्या मनाने द्यावी. मात्र जागा देण्याआधी आराखडा मागून घ्यावा आणि त्यात आपल्या पावलांची वाट कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगावं.