अंगणवाडीतला दुसरा माणूस

मूल सहा वर्षांचे झाले की राज्यघटना त्याच्या पाठीशी उभी राहते. २००२ साली झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि सहा ते चौदा या वयात मोफत व सक्तीचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्या दुरुस्तीचे स्वागत झाले ते योग्यच होते. पण त्याच वेळी काहीतरी हातचे गेले, त्याची चर्चा फारशी झाली नाही. मूळच्या कलम ४५ ने राज्यावर जबाबदारी टाकली होती ती चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सगळ्याच मुलांची; तिला खालची मर्यादा नव्हती. दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालची मुले मार्गदर्शक तत्त्वांत उरली. सरकारने त्यांच्यासाठी प्रयत्न करावा, इतकेच. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही तीन ते सहा वयोगटासाठी सरकारने सोय करावी एवढीच अपेक्षा ठेवतो. ज्या घरात गोष्टी सांगायला सवड आहे, चित्रांची पुस्तके आहेत, त्या घरातल्या मुलाचे याने फार बिघडत नाही. मोलमजुरी करणाऱ्या घरातले मूल मात्र पहिलीच्या वर्गात येते तेच मागे पडून, आणि त्याच्या शिक्षणाचा हक्क तिथून पुढे सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल, हक्क नसला तरी अंगणवाडी आहेच ना! आहे, आणि ती आपली मोठी कमाई आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या उभ्या आहेत. फी नाही, प्रवेशाची कटकट नाही, वर खाऊही मिळतो. तरीही गरीब मुलाला तिथे शिक्षण किती मिळते, याचे उत्तर फीच्या रकान्यात सापडणार नाही; ते घड्याळात सापडेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, मोफत बालशिक्षण म्हणजे मुलासाठी राखून ठेवलेला एका जाणत्या माणसाचा वेळ. तो वेळ नसेल तर मोफत या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

योजनेने अंगणवाडीकडे सहा सेवा सोपवल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. सेविका एक, तिच्या हाताखाली मदतनीस एक. सकाळी मुले सतरंजीवर बसतात न बसतात तोच आहाराचे बघावे लागते. कोणाचे वजन घ्यायचे असते, कोणाच्या आईला घरपोच आहाराची पाकिटे द्यायची असतात, आणि हे सगळे पुन्हा मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरायचे असते. त्यातच सर्वेक्षण निघते, निवडणुकीचे काम येते. वाढपाला उशीर झाला तर लगेच दिसते, नोंद राहिली तर वरून विचारणा होते. गोष्ट सांगायची राहिली तर मात्र कोणीच विचारत नाही. म्हणून सहा सेवांपैकी मुकाट्याने कापली जाते ती सहावी. यात सेविकेला दोष देणे हा अन्याय होईल.

मग वेळ वाढवला तर काय होते? हे तामिळनाडूत तपासून पाहिले गेले आहे. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ६४० अंगणवाड्यांत प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या निम्म्या ठिकाणी केवळ शाळापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी आणखी एक स्थानिक स्त्री नेमली. बाकी इमारत तीच, आहार तोच. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि दीड वर्षात मुलांची गणिताची व भाषेची समज स्पष्टपणे सुधारली. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद: त्या अंगणवाड्यांत कुपोषणही कमी झाले, कारण मूळच्या सेविकेला आरोग्याच्या आणि आहाराच्या कामासाठी सवड मिळाली. आधी पोट भरू द्या, मग शिक्षणाचे बघू, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

इतक्या लहान वयात शिक्षण कशाला, आई हीच पहिली गुरू, असे म्हणणारेही बरेच आहेत. आईची जागा कोणी घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण ऊसतोडीला गेलेली आई भल्या पहाटे फडात असते, आणि धाकट्याला सांभाळायला कोपीवर थांबते ती आठ-नऊ वर्षांची बहीण. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची सोय नसल्याची किंमत ज्या मुलीला शाळेचा हक्क मिळालेला आहे तीच भरते. आणि शिक्षण म्हणजे पाटीवर बाराखडी गिरवून घेणे, असे कोण म्हणते? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्यात महागडी साधने नव्हती. चिंचोके, शंख-शिंपले, पाने, बिया यांतून मुले मोजायला, जोड्या लावायला शिकत. मूठभर चिंचोक्यांतून मोठे एकीकडे आणि बारीक दुसरीकडे काढणारे मूल आकार, तुलना आणि संख्या एकाच वेळी हाताळत असते, पण पुढचा प्रश्न विचारायला शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलांचे नाक-डोळे धुणे, नखे काढणे हाही त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: या शिक्षणाचा फायदा काही वर्षांत विरून जातो. तो पुराव्यावर उभा आहे, म्हणून टाळता येत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या मोफत पूर्वप्राथमिक वर्गांत गेलेली गरीब मुले सहावीपर्यंत इतरांच्या मागे पडल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याउलट मिशिगनमधल्या यप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात चाललेल्या पेरी प्रकल्पातील गरीब कृष्णवर्णीय मुलांचा बुद्ध्यंकातला फायदा विरला खरा, पण चाळिशीत पाहिले तेव्हा ती शिक्षणात आणि नोकरीत पुढे होती, त्यांच्या अटकाही कमी झाल्या होत्या. पेरीची मुले मोजकी, अवघी १२३, त्यांतली ५८ प्रकल्पात. तेव्हा त्यावर सगळा इमला रचू नये. टेनेसीच्या कारणांवरही अभ्यासकांचे एकमत नाही. मला मात्र पेरीतली एक गोष्ट निर्णायक वाटते: तिथे थोड्या मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरी जाऊन आईबरोबर बसत असे. वर्ग उघडला म्हणजे शिक्षण झाले, असे तिथे कोणी धरले नव्हते.

राहिला पैसा. आजवर आपण हे काम स्वस्तात करून घेतले आहे. २०१८ पासून केंद्राने सेविकेसाठी धरलेले मानधन महिना ४,५०० रुपये आहे, राज्ये त्यात आपली भर घालतात. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. दुसरी शिक्षिका नेमायची तर तिलाही मानधनावर राबवून चालणार नाही. वेतन द्यावे लागेल, प्रशिक्षण द्यावे लागेल. खर्च मोठा आहे हे खरे. पण आज तो खर्च होतोच आहे, फक्त गरिबाच्या खिशातून. अंगणवाडी शेजारी असूनही रोजंदारीवरचे आईबाप पदरमोड करून मुलाला गल्लीतल्या नर्सरीत घालतात. इंग्रजीचा हव्यास म्हणून त्यांना नावे ठेवणे मला पटत नाही. तिथे आपल्या मुलासाठी कोणीतरी ठरलेले तास देते, एवढे त्यांनी पाहिलेले असते. त्या नर्सरीत तीन वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने गिरवून घेतात, हे त्यांना दिसत नाही असेही नाही. तेवढ्याच अंतरावरच्या अंगणवाडीत शिकवण्यासाठी मोकळी असलेली एक बाई मिळाली, तर ते पैसे घरात राहतील. दुर्गम पाडे आणि स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या वस्त्या इथून ही नेमणूक सुरू करता येईल. १४ लाख जागा एकाच वर्षी भरा, असे कोणी म्हणत नाही.