अण्णांची अक्का

अक्का गेली त्या सकाळी लेक दप्तर पाठीला लावून परसात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, थंडीनं गेली का?" मी म्हटलं, "नाही गं, म्हातारी झाली होती." ते खरंच होतं. पण शाळेची बस गेली तरी तो प्रश्न मनातून जाईना. दोन वर्षांपूर्वी अक्काची सोबतीण थंडीनंच मेली होती, आणि ती माझ्या हट्टापायी मेली होती. लेकीला मी ते तेव्हा सांगितलं नाही. आता लिहून ठेवतो.

बंगळुरूत जालहळ्ळीला आमचं बैठं घर आहे, मागं थोडी मोकळी जागा. २०२१ साली आई गेली आणि मी अण्णांना गडहिंग्लज तालुक्यातल्या गावाहून इकडे आणलं. हिरण्यकेशीच्या काठचा माणूस, कन्नड त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येई. पण बोलणार कुणाशी आणि काय? दोन-तीन महिने ते खिडकीशी बसून राहिले. एका रविवारी हेसरघट्ट्याकडे गेलो होतो. रस्त्याकडेला डालग्याखाली कोंबड्या दिसल्या आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "गाडी थांबीव." कितीतरी दिवसांनी त्यांनी आपण होऊन काही मागितलं होतं. तीन कोंबड्या घेतल्या: एक काळी, एक ठिपक्यांची, एक तांबडी. तांबडीबद्दल विकणाराच म्हणाला की ही थोराड आहे, अंडी फार देणार नाही. अण्णांनी तीच आधी काखेत घेतली.

पलीकडच्या अज्जी कुंपणावरून डोकावून लेकीला म्हणाल्या, "कोळि बंता?" लेक तेव्हा पाच वर्षांची. ती किंचाळत आत पळाली. आमच्या घरात कोळी म्हणजे जाळं विणणारा. कन्नडात तीच कोंबडी. मग अज्जींनी तिला हाताला धरून परसात नेलं. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईला त्या अक्का म्हणायच्या, तसं या तांबडीलाही म्हणाल्या. लेकीनं तेच नाव धरलं. अक्का मराठीतही थोरली बहीण आणि कन्नडातही. दोन्ही घरांना नाव चाललं. फक्त अण्णा म्हणाले, "दुसरं काय तरी ठेवा." का, ते सांगितलं नाही. महिनाभर ते तिला नुसतं "ए तांबडे" म्हणत राहिले. मग कधी तेही अक्का म्हणू लागले ते कळलंच नाही. कन्नडात अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे गल्लीतल्या पोरांच्या लेखी आमच्या परसात एक भाऊ आणि एक बहीण राहत होती.

बंगळुरूची थंडी आकड्यांत फार वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या आसपास असतो. पण कोंबड्या पाळल्या की थंडी रोज मोजावी लागते. पिसं झडायला लागली. तुळशीपाशी, दोरीवरच्या कपड्यांवर, लेकीच्या बुटात, जिथं तिथं पिसं. मानेखालची गुलाबी कातडी दिसायला लागली. अंडी तीनवरून दोनावर, दोनावरून एकावर आली आणि मग टोपलं रिकामं राहू लागलं. डिसेंबरात इथला दिवस साडेअकरा तासांचाही नसतो आणि भरात अंडी द्यायला कोंबडीला चौदा तास तरी उजेड लागतो, हे मी कुठंतरी वाचलं आणि खुराड्यात बल्ब लावला. अण्णा तो रोज रात्री बंद करायचे, मी लावायचो. चौथ्या दिवशी म्हणाले, "तिला पण रात्र पायजे का नको?" मी बल्ब काढला, पण मनातून राग गेला नाही.

अंडी बंद झाली तरी अण्णांची माया कमी झाली नाही. थंडी म्हणजे इथं अवरेकायीचा हंगाम. दवात भिजलेल्या शेंगांना जो उग्र वास येतो त्याला सोगडु म्हणतात, आणि त्या वासानंच घर भरून जातं. अण्णा मागच्या पायरीवर ताट घेऊन शेंगा सोलायचे. शेंगेत हिरवी अळी निघाली की न बघता हात खाली सोडायचे, आणि अक्का ती बोटावरून अलगद उचलायची. बोटाला चोच लागायची नाही. मी तसं केलं तर मला टोचायची.

अक्काची एक खोड होती. दिवे लागणीला बाकीच्या दोघी आपल्या पायांनी खुराड्यात शिरायच्या. अक्का कधीच शिरली नाही. ती अण्णांच्या वेताच्या खुर्चीच्या हातावर चढायची, एक पाय पोटाशी घ्यायची आणि वाट बघत राहायची. खालची पापणी हळूहळू वर यायची, डोळा झाकायचा, पुन्हा उघडायचा. अण्णा यायचे, "चला अक्का" म्हणायचे, तिला उचलून आत ठेवायचे. मी उचलायला गेलो की ती परसभर पळवायची. पाऊस असो, पाहुणे असोत, अण्णांना सातच्या आत घरी असावंच लागे. मला ती नसती सवय वाटायची. एकदा म्हणालोही, "लाडानं बिघडवलीत तुम्ही तिला." ते काही बोलले नाहीत.

खुराडं मी स्वतः करून घेतलं होतं. पुढच्या बाजूला जाळी, आणि जाळी पूर्वेला, म्हणजे कोवळं ऊन आत येईल. अण्णांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं, "तोंड फिरीव त्याचं. हितलं थंडीतलं वारं उगवतीकडनं येतंय." मी उन्हाचं गणित सांगितलं. त्यांनी दिवाळीत पुन्हा सांगितलं. मी "बघू" म्हटलं. खरं तर मला ते पटलं होतं. पण बल्बच्या वेळी मी नमलो होतो, आता पुन्हा नमायचं नव्हतं.

९ डिसेंबर २०२२, शुक्रवार. मंदोस चक्रीवादळ त्या रात्री तमिळनाडूत मामल्लपुरमजवळ किनाऱ्याला लागलं. बंगळुरू तिथून तीनशे किलोमीटरच्या आसपास, पण इथंही आभाळ दिवसभर खाली उतरलेलं होतं. बारीक, तिरका, न थांबणारा पाऊस, आणि अंगात शिरणारा वारा. अण्णांना दोन दिवसांपासून खोकला होता. सातला ते उठले तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. "आज नाही जायचं. जाईल ती आपली आपण." ते म्हणाले, "ती न्हाई जायाची." मी म्हटलं, "भूक लागली, गारठली की बरोबर जातात जनावरं." मी मागच्या दाराला कडी घातली आणि टीव्ही लावला. ती उघडून एकदा बाहेर बघावं, एवढंही मी केलं नाही.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली. मागचं दार सताड उघडं. अण्णा टॉर्च घेऊन पावसात उभे होते, अंगावर नुसता सदरा. अक्का खुर्चीच्या हातावरच होती. सात तास. पिसं अंगाला चिकटून ती निम्मी झाली होती. खुराड्याच्या जाळीतून पाऊस सरळ आत येत होता, भुसा चिंब झाला होता. ठिपक्यांची कोपऱ्यात थरथरत होती. काळी आडवी पडली होती. मी तिला उचललं. मान लोंबली.

स्वयंपाकघरात शेगडी बारीक करून आम्ही बसलो. बायकोनं जुने टॉवेल आणले. ठिपकी टोपलीत लवकर सावरली. अक्का डोळे उघडेना. अण्णांनी सदरा काढला, तिला उघड्या छातीशी धरलं आणि वरून घोंगडं घेतलं. घोंगड्यातून फक्त तिचा तुरा दिसत होता, पांढरा पडलेला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच बोलायला लागले. माझ्याशी बोलत होते की तिच्याशी, कळत नव्हतं.

त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, तीही अक्काच. आई लवकर गेली, तेव्हा अक्का बारा वर्षांची, अण्णा तीन. अक्का शाळेत गेली नाही. तिनं कोंबड्या पाळल्या. आठवड्याच्या बाजाराला भुशात अंडी घालून टोपली डोक्यावर घेऊन जायची आणि त्या पैशांतून अण्णांची वह्या-पुस्तकं, पुढं कोल्हापूरच्या बोर्डिंगची फी. "तिनं सोता अंडं खाल्ल्यालं मी कधी बघितलं न्हाई," अण्णा म्हणाले. थंडीत अंडी बंद व्हायची, तेव्हा ती दुसऱ्याच्या रानात शेंगा तोडायला जायची.

मग बराच वेळ ते गप्प राहिले. पाऊस वाजत होता. म्हणाले, "एकोणनव्वद साली तिची सही घ्यायला गेलो."

जमीन अण्णांच्या एकट्याच्या नावावर व्हायची होती. गावात सगळेच भाऊ घेतात तसं बहिणीचं हक्कसोडपत्र. तिच्यासाठी इरकल साडी घेऊन गेले होते. कागद पुढं ठेवल्यावर अक्कानं एकच विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं हाय? बोट ठेवून दाखीव." अण्णांनी बोट ठेवलं. ती त्या नावाकडे बघत राहिली. आपलं नाव लिहिलेलं तिनं बहुतेक पहिल्यांदाच बघितलं होतं. मग अंगठा पुढं केला. "कुठं लावू?" म्हणाली.

"मी शिकल्याला माणूस," अण्णा म्हणाले. "तिच्याच अंड्यावर शिकल्याला." आत्या जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

पहाटे चारला घोंगड्यातून बारीक कुरकुर आली. अक्कानं डोळा उघडला होता. मी अण्णांना रडताना आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

उजाडल्यावर, पाऊस चालूच असताना, मी खुराडं फिरवलं. दोन विटा हलवल्या, एका बाजूनं उचललं, पश्चिमेला तोंड केलं. वीस मिनिटं लागली. काळीला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. लेक उठल्यावर तिला सांगितलं की काळी हेसरघट्ट्याला परत गेली.

२०२४ च्या जूनमध्ये अण्णा गेले. तेराव्यानंतर गावाहून परतलो त्या संध्याकाळी परसात गेलो, तर अक्का खुर्चीच्या हातावर बसलेली. अज्जी म्हणाल्या, रोज बसते, अंधार पडला की मी उचलून ठेवते. मी पुढं झालो. ती पळाली नाही. "चला अक्का" म्हणालो आणि उचललं. पुढचे सात महिने सातच्या आत मी घरी असायचो. ऑफिसात विचारायचे, घरी कोण आजारी आहे का. जानेवारीत, संक्रांतीनंतर आठवड्यानं, ती खुराड्यात पंखाखाली मान घालून गेलेली सापडली. तिला काळीशेजारी ठेवलं.

त्या संध्याकाळी लेकीला काळीची खरी गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुम्ही अण्णांचं ऐकायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "हो."

फेब्रुवारीत गावाहून चुलतभावाचा फोन आला. अण्णांच्या जमिनीची वारसनोंद करायची आहे, तर धारवाडला जाऊन ताईचं हक्कसोडपत्र घेऊन ये, ती काही नाही म्हणणार नाही. ताई नाही म्हणणार नाही हे मलाही माहीत होतं, तिला फोन केला तर तीच म्हणाली, "कागद पाठव, सही करते." मी कागद केला नाही. चुलतभाऊ अजून नीट बोलत नाही.

मे महिन्यात सात-बारा निघाला. ताई सुट्टीला आमच्याकडे आली तेव्हा तो तिच्यासमोर धरला आणि तिच्या नावावर बोट ठेवून दाखवलं.