डोळ्यांच्या मापाचा पडदा

आमच्या घरीं कोणतीहि नवी वस्तु यावयाची म्हणजे तिची उलटतपासणी आधीं ओसरीवर व्हावी लागते. शिवणयंत्र आलें तेव्हां ती झाली, रेडिओ आला तेव्हां झाली, आणि लॅपटॉपला जोडावयाला एक मोठा मॉनिटर घ्यावा असें मीं बोलून दाखविलें तेव्हांहि झाली.

"लॅपटॉपला पडदा नाहीं का रे?" काकूंनीं विचारलें.

"आहे; पण लहान आहे."

"मग घेतांनाच मोठा कां नाहीं घेतलास?"

या प्रश्नाला त्या दिवशीं माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तें सांपडेपर्यंत चार महिने गेले, एक केबल फुकट गेली आणि तात्यांची मान आठ दिवस धरली. इतकें मोल देऊन मिळालेलें ज्ञान एकट्याजवळ ठेवणें बरें नव्हे, म्हणून हा लेखनप्रपंच.

धाराशिवांत आमचें कुटुंब लहानमोठ्या अकरा माणसांचें आहे. जुन्या ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाचीं मुद्रितें तपासणें हा माझा व्यवसाय. पूर्वीं त्यासाठीं पुण्यास किंवा मुंबईस बिऱ्हाड करावें लागलें असतें; आतां पानें घरबसल्या लॅपटॉपवर येतात आणि तपासून तशींच परत जातात. दिवसाचे सातआठ तास त्या साडेपंधरा इंची पडद्याकडे मान वांकवून पाहावें लागे. लॅपटॉपची रचनाच अशी आहे कीं, पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्यांपर्यंत वर येतात, आणि हात सुखानें ठेवावे तर मान खालीं जाते. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले. लॅपटॉप कितीहि मोठा घेतला तरी ही जखडण सुटत नाहीं. काकूंच्या प्रश्नाचें खरें उत्तर हें होतें.

तरीहि खरी निकड माझी नव्हती. ती तात्यांची होती. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मोडी लिपि वाचणारे आमच्या घरांत आतां ते एकटेच उरले आहेत. २०२३ सालीं मराठवाड्यांत निजामकालीन जुन्या नोंदी धुंडाळण्याचें मोठें काम निघालें, तेव्हां मोडी जाणणारांची गरज सर्वांनाच जाणवली. आमच्या घरीं मात्र ती त्याहून जवळची होती. आमच्या दुसऱ्या शाखेनें जुना वाडा उतरविला तेव्हां माळ्यावरच्या पेटींतून पत्रांचा एक रुमाल निघाला व तो तात्यांच्या स्वाधीन झाला. त्यांतलीं बहुतेक पत्रें १९४७ आणि १९४८ सालांतलीं, बार्शीहून आलेलीं.

तो काळ ज्यांनीं ऐकला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. हा जिल्हा तेव्हां हैदराबाद संस्थानांत होता आणि बार्शी मुंबई प्रांतांत. रझाकारांच्या धामधुमींत कित्येक कुटुंबांनीं बायकामुलांना सरहद्दीपलीकडे पाठविलें. तात्यांची आईहि अशीच बार्शीस माहेरीं गेली, आणि तात्या तेथेंच जन्मले. त्या धांवपळींत त्यांची जन्मपत्रिका झालीच नाहीं. ते सहा वर्षांचे असतांना आई गेली. मास्तरांनीं शाळेंत घातलेली १ जून ही तारीख हीच त्यांची जन्मतारीख. त्यांच्या पिढींत हें भाग्य पुष्कळांच्या वांट्याला आलेलें आहे. पंचाहत्तरीची शांत आम्हीं केली तीहि अंदाजानेंच. या रुमालांत कोठें तरी खरी तिथि असेल, एवढी एकच आशा तात्यांना होती, आणि ती त्यांनीं आम्हांला बरेच दिवस बोलूनहि दाखविली नव्हती.

अडचण डोळ्यांची होती. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदु काढलेला आहे; डाव्या डोळ्याच्या आंतल्या पडद्यालाच विकार जडला आहे आणि तो कोणत्याहि चष्म्यानें सुधारण्यासारखा नाहीं. कागद घडीघडीवर फाटलेले, शाई फिकी. म्हणून मीं प्रत्येक पत्राची, इंचाला ६०० ठिपके या प्रमाणानें, स्कॅनरवर प्रत काढली आणि लॅपटॉपवर ती मोठी करून त्यांच्यापुढें ठेवली. एक शब्द मोठा दिसे, पण ओळ पडद्याबाहेर जाई. ओळ आंत आणावी तर अक्षर बुजे. तात्या म्हणाले, "अरे, मोडी एकेक अक्षर उचलून वाचतां येत नाहीं. शब्द सुटे नसतात, ह्रस्वदीर्घ नसतो. ओळीचें डोकें आणि शेपूट एकदम दिसलें तर मधलें कळतें."

हें वाक्य ऐकलें आणि आपल्याला काय विकत घ्यावयाचें आहे तें मला प्रथमच समजलें. नुसता मोठा पडदा नव्हे, आणि नुसता सूक्ष्महि नव्हे. सबंध ओळ एका दृष्टीत मावून अक्षराची रेघन् रेघ शाबूत राहील असा.

सोलापुरास जाऊन दुकानें पाहिलीं. एका दुकानदारानें २७ इंची पडदा अगदीं माफक किंमतींत पुढें केला. "एवढा मोठा या भावांत मिळणार नाहीं," हें त्याचें म्हणणें खरेंच होतें. पण त्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. माझ्या लॅपटॉपवर होते तेवढेच. भाकरी मोठी थापली म्हणून पीठ वाढत नाहीं, ती पातळ होते, तसाच हा प्रकार. लॅपटॉपवर इंचाला १४१ ठिपके पडतात. तेच या मोठ्या पडद्यावर पसरले म्हणजे ८२ उरतात. २,५६० आणि १,४४० ठिपक्यांचा मधला प्रकार असतो, त्यांत १०९ पडतात. ज्याला फोर-के म्हणतात त्यांत आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. आणि २७ इंचांत ते इंचाला १६३ येतात.

इतकी सूक्ष्मता डोळ्याला उमगते काय, हा प्रश्न रास्त आहे. निरोगी डोळा साधारणतः एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढें अंतर वेगळें ओळखतो. ६० सेंटिमीटरांवरून पाहतां तें अंतर सुमारें ०.१७ मिलिमीटर भरतें. ८२ च्या पडद्यावरचा ठिपका ०.३१ मिलिमीटरांचा, म्हणून अक्षराची कड करवतीसारखी दिसते. १६३ च्या पडद्यावरचा सुमारें ०.१६ मिलिमीटरांचा, म्हणून ती छापल्यासारखी दिसते. देवनागरींत ध आणि घ यांच्यांत, किंवा अनुस्वार आणि शाईचा डाग यांच्यांत, एवढ्याशा रेघेचाच भेद असतो. मुद्रिततपासनिसाला तो पैशाहून मोलाचा.

तात्यांचा डोळा मात्र निरोगी नव्हे. त्यांच्यासाठीं दुसरा हिशेब केला. पत्राचा कागद सहा इंच रुंद. ६०० च्या प्रमाणानें एका ओळीचे ३,६०० ठिपके झाले. फोर-के पडद्यावर ते सगळेच्या सगळे मावतात आणि सहा इंचांची ओळ बावीस इंचांची होऊन दिसते. साध्या पडद्यावर तीच ओळ बसवावयाची तर निम्मे ठिपके गाळावे लागतात, आणि गाळलेल्यांतच नेमकी हवी ती रेघ असावयाची. हा हिशेब जमला आणि मीं फोर-के मॉनिटर घेतला. किंमत साध्याच्या दुपटीहून अधिक पडली, हें मीं ओसरीवर दोन दिवसांनीं सांगितलें.

घरीं आणून जोडला तों पडद्यावरचा बाण पाय ओढीत चालूं लागला. मीं महाग केबल आणली, फरक शून्य. दोष केबलचा नव्हता, माझ्या घाईचा होता. माझ्या लॅपटॉपचें एच्.डी.एम्.आय्.चें भोंक जुन्या १.४ पद्धतीचें, त्यांतून एवढें मोठें चित्र सेकंदाला ३० वेळांच पाठवितां येतें. २०१३ सालीं आलेल्या २.० पद्धतींत तें ६० वेळां जातें. सुदैवानें त्याच लॅपटॉपच्या यू.एस्.बी.-सी भोंकांतून चित्र पाठविण्याची सोय होती. तें सर्वच लॅपटॉपांत असतें असें नाहीं. तेव्हां दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं आपल्या लॅपटॉपचीं भोंकें तपासावीं, एवढा बोध मीं केबलच्या किंमतींत घेतला. खेळांसाठीं सेकंदाला १४४ चित्रें दाखविणारे पडदे मिळतात, त्यांचा वाचकाला उपयोग नाहीं. पडदा चकचकीत नसावा, कारण आमच्याकडचें ऊन खिडकींतून थेट त्यांत उतरतें; आणि बाजूनें पाहिलें तरी रंग न बदलणारा, आय.पी.एस्. जातीचा असावा, कारण आमच्या घरांत कोणतीहि गोष्ट एकटा मनुष्य पाहत नाहीं.

राहिला स्टँड. मॉनिटरच्या सोबत आलेला स्टँड मान डोलवी, पण वरखालीं होत नसे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळींत किंवा किंचित् खालीं असावी असा सर्वमान्य नियम. म्हणून मीं त्याखालीं जेवणाचा पाट ठेवला. माझी मान आठवड्यांत सुखी झाली. तात्यांची त्याच आठवड्यांत धरली! मीं निरखून पाहिलें तों ते हनुवटी वर करून वाचीत होते. त्यांचा चष्मा दोन भिंगांचा. जवळचें दिसावयाचें भिंग खालच्या अंगाला. पडदा जितका उंच, तितकी मान मागें. माझ्या डोळ्यांसाठीं जो नियम बरोबर, तोच त्यांच्या डोळ्यांसाठीं अपकारक ठरला. पाट काढावा तर माझी मान वांकणार. ठेवावा तर त्यांची मोडणार.

त्यावरचा इलाज साधा निघाला. बहुतेक मॉनिटरांच्या पाठीशीं १०० मिलिमीटर अंतरावर चार भोंकें असतात. हें माप ठरीव असल्यामुळें कोणत्याहि कंपनीचा हात त्यांत बसतो. मॉनिटरचें वजन पाहून त्याला पेलणारा, टेबलाच्या कडेला आवळून बसणारा एक हात मीं आणला. बोटानें लोटला कीं पडदा वर जातो, खालीं येतो, पुढें सरकतो. आजोबांच्या सागवानी टेबलाला चिमटा लावूं द्यावयास काकू तयार नव्हत्या. खालीं जाजमाचा तुकडा घातला तेव्हां परवानगी मिळाली. चष्मेवाल्याकडून तात्यांना हातभर अंतराचा, एकाच भिंगाचा वेगळा चष्माहि करून घेतला. लॅपटॉप एका लहान स्टँडवर मिटून उभा राहिला, आणि कीबोर्ड वेगळा झाला. सकाळीं पडदा माझ्या उंचीवर, दुपारीं तात्यांच्या, संध्याकाळीं अकरावींतल्या माझ्या मुलीच्या. वीज गेली कीं लॅपटॉप चालतो पण मॉनिटर मिटतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर घेतला.

एका दुपारीं तात्यांनीं हांक मारली. बार्शीहून त्यांच्या आजोळच्या आजोबांनीं हातोहात धाडलेलें पत्र पडद्यावर होतें. शके १८७०, श्रावण वद्य, पुढें आंकडा. लॅपटॉपवर तो कधीं १ वाटे, कधीं ९. आतां त्याच्या डोक्यावरचें बारीक वळण दिसत होतें, तरी तात्यांचें समाधान नव्हतें. त्यांनीं ओळीच्या दुसऱ्या टोंकाकडे बोट नेलें आणि सावकाश वाचलें : मुलीनें अष्टमीचा उपवास केला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशीं पुत्र झाला.

वद्य नवमी, गोपाळकाल्याचा दिवस. त्यानंतर पंधरवडाभरानें, १३ सप्टेंबर १९४८ रोजीं, भारताच्या फौजा संस्थानांत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला सगळें निवळलें.

तात्या बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "आईची मला एकच आठवण आहे. काल्याच्या दिवशीं सगळ्या मुलांना बाजूला सारून ती पहिला घांस माझ्या तोंडांत घाली. कां, तें आज कळलें."

तेव्हांपासून रोज दुपारीं माझी मुलगी त्यांच्या शेजारीं खुर्ची ओढून बसते आणि पडद्यावर बोट ठेवून मोडी शिकते. पडदा दोघांच्या मधोमध कोणत्या उंचीवर असावा यावर त्यांचा रोज वाद होतो, आणि हात तो रोज मिटवितो.

जाहिरातींत ठिपक्यांचे आंकडे मोठ्या टाइपांत असतात. ते वाचावेत, समजून घ्यावेत. पण विकत घेण्यापूर्वीं त्या पडद्यापुढें कोण बसणार, काय वाचणार, आणि कोणत्या चष्म्यांतून वाचणार, हें घरांत विचारावें. मीं तें शेवटीं विचारलें. यंदा श्रावण वद्य नवमीस काकूंनीं काला केला. पहिला घांस कोणाचा, यावर ओसरीवर चौकशी झाली नाहीं.