मुक्ताला, बुटांबद्दल

डोंबिवली पूर्व

चि. मुक्तास,


तुझा फोटो पाहिला आणि जीव खालीवर झाला. येऊरच्या डोंगररस्त्यावरचा पिवळाधमक बेडूक तुझ्या तळहातावर! वर विचारतेस, शनिवारी रात्री सोसायटीची मुलं तिथे बेडूक पाहायला नेणार, बूट कोणते सांगू?

धुऊन कडकडीत वाळवलेले. कोंडेश्वरच्या धबधब्यात भिजलेले बूट तसेच येऊरला नेऊ नकोस. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाते. जगात तिने कित्येक जाती संपवल्यात, आणि आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडली आहे.

पण बुटांचं राहू दे, तू त्याला उचललंस कशाला? बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच पितो. हाताला डासांचं मलम होतं ना? शिकलीसवरलेली तू, तुला हे मी सांगायचं?

नर असा पिवळा होतो तो विणीच्या थोड्या दिवसांपुरता. पहिल्या मोठ्या पावसात सगळे डबक्यांपाशी जमतात, त्यावर वर्षाची वीण ठरते. नेमक्या त्याच रात्री आपण विजेऱ्या घेऊन जातो. झोत पडला की नर गप्प होतो, मग मादीने यायचं कुठे? गाड्या लावतो त्या चाकोऱ्यांच्या पाण्यातच अंडी असतात.

धबधब्यांचंही तेच. माथेरानच्या बेडकावरून १८८८ साली एका जातीचं वर्णन झालं. तिच्या कुळातली पिल्लं पाण्यात पोहत नाहीत, ओल्या कातळाला चिकटून वाढतात. त्याच कातळांवर आपण घसरगुंड्या करतो, शाम्पू लावून आंघोळी करतो. दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी येते ती माणसं बुडतात म्हणून. यायलाच हवी. पण बेडकांसाठी एक रात्र तरी कोणी राखली आहे का?

आमचे आप्पा आठवतात. भोपरच्या शेतात बेडूक ओरडायला लागले की कंदील बारीक करायचे, आम्हाला बांधावरून पुढे जाऊ द्यायचे नाहीत. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सरकारने १९८७ साली थांबवली, तेव्हा किती बरं वाटलं होतं त्यांना! निर्यात थांबली, तरी जगातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पुढे काय होईल, या विचाराने पोटात गोळा येतो.

शनिवार रद्द कर. मुलांना जुलैत दिवसा ने. कठड्यापाशी उभं राहून ऐकू देत, हात कोणी लावायचा नाही. पहिल्या पावसाच्या रात्री डोंगर बेडकांचा, आपण घरी थांबायचं. मुलांच्या आयांना आजच फोन कर.

तुझी,
मावशी