न कळण्याची आठवण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत पेढी चालविणाऱ्या घरातील थोरली मुलगी पुण्यात एका संशोधन संस्थेत संगणकतज्ज्ञ आहे. महासंगणकावर मोठी गणिते कशी चालवावीत, हे तिला उत्तम अवगत. म्हणूनच नवशिक्या संशोधकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घेण्याचे काम प्रथम तिच्यावर सोपविण्यात आले, तेव्हा तिने वेगळी तयारी अशी केलीच नाही. आपल्याला येते तेच शिकवायचे, त्यात तयारी ती कसली, असे तिला वाटले.

पहिल्या दिवशी खोली भरलेली होती. दुसऱ्या दिवशी मागच्या दोन रांगा रिकाम्या. न आलेल्यांत तालुक्याच्या गावाहून आलेली वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी होती. काही आठवड्यांनी ती भेटली, तेव्हा कारण विचारले. ती संकोचून म्हणाली, “मॅडम, तुम्ही प्रत्येक पायरीला ‘हे तर सोपंच आहे’ म्हणत होता. मला ते सोपं वाटत नव्हतं. मग वाटलं, हे आपलं काम नव्हे.”

ते शब्द तिच्या मनात रुतून बसले. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानास मंजुरी मिळाली आणि ४,५०० कोटी रुपयांची तरतूद झाली. यंत्रे उभी राहत आहेत. परंतु ती वापरू पाहणारी मुलगी पहिल्याच दिवशी परत जात असेल, तर त्या यंत्रांचा तिला उपयोग काय?

तिने ‘द कार्पेन्ट्रीज’ या संस्थेच्या प्रशिक्षक-वर्गात नाव घातले. संशोधकांना संगणक-कौशल्ये शिकविण्याच्या, १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका उपक्रमातून ही संस्था वाढली आहे. दोन दिवसांच्या त्या वर्गात महासंगणकाचा विषय जवळजवळ निघालाच नाही. चर्चा होती ती शिकणाऱ्याच्या मनाची. जाणकाराला आपल्याच विषयातील अवघड जागा दिसेनाशा होतात, कारण त्या त्याने फार पूर्वी ओलांडलेल्या असतात. हे तेथे प्रथम सांगण्यात आले. मग नियम आले. प्रत्येक आज्ञा शिकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टंकित करावी. त्यामुळे वेग आवरतो, आणि शिक्षकही चुकतो व चूक दुरुस्त करतो, हे सर्वांना दिसते. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात. काम जमले तर हिरवी, अडले तर लाल. ‘फक्त’, ‘सोपे’ हे शब्द टाळावेत.

शेवटी प्रत्येकाने काही मिनिटे शिकवून दाखवायचे होते. तिची पाळी झाल्यावर सहाध्यायाने लिहून दिले : ‘आवाज स्पष्ट. विषयाची जाण उत्तम. पहिल्या मिनिटातच चार शब्द न उलगडता वापरले.’ ते चार शब्द कोणते, हे तिला दुसऱ्याला विचारावे लागले.

हळदीच्या हंगामात ती सांगलीस गेली. पेढीवर एक नवा मुलगा पट्टी लिहीत होता. वडील शेजारी बसून नुसते पाहत होते.

“अण्णा, तुम्ही त्याला समजावून का सांगत नाही?”

“सांगितलं की तो मान हलवतो. मान हलली म्हणजे कळलं असं नव्हे, बाळ. लिहायला दिलं की पेन कुठं थांबतं ते दिसतं. तिथंच सांगायचं.”

प्रशिक्षणात दोन दिवस जे ऐकले, ते पेढीच्या गादीवर कित्येक वर्षे चालत आले होते. त्या रात्री तिने आपला पाठ पुन्हा लिहायला घेतला.

पुढच्या कार्यशाळेसाठी त्या विद्यार्थिनीला तिने स्वतः बोलावून घेतले. या वेळी पहिले उदाहरण पेढीचे होते. महासंगणकात प्रवेश होतो तो भाग म्हणजे गादी. येथे फक्त सौदा सांगायचा. पोती उचलणे, तोलणे हे गोदामात. गादीवरच पोती आणून टाकली, तर सर्वांचाच व्यवहार खोळंबतो. तसेच गणित प्रवेशद्वारी न चालविता रांगेत लावायचे. पाळी आली की आतील संगणक ते हाती घेतात.

नंतर तिने प्रश्न घातला. शंभर मिनिटांचे काम आहे. त्यातील नव्वद मिनिटांचे वाटून देता येते. दहा मिनिटांचे एकट्या दिवाणजींनीच करायचे. नव्वद माणसे लावली तर किती वेळ लागेल? बहुतेकांनी ‘जेमतेम एक मिनिट’ असे लिहिले. पेन कोठे थांबते, ते दिसले. मग त्यांनीच हिशेब केला. नऊ माणसांत वीस मिनिटे. नव्वद माणसांत अकरा. आणि हजार लावली तरी दहाच्या खाली नाही, कारण दिवाणजी एकच. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम तो हाच, हे तिने त्यानंतर सांगितले. विनाकारण जास्त प्रोसेसर मागितले तर काम तितके लवकर होत नाही, उलट इतरांची रांग लांबते, हे आता वेगळे सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राची ती विद्यार्थिनी दुसऱ्या रांगेत होती. तिची लाल चिठ्ठी सकाळपासून तीनदा वर आली. तिसऱ्या वेळी आज्ञेतील एक रिकामी जागा राहून गेल्याचे तिला स्वतःलाच सापडले. सायंकाळी तिचे गणित रांगेतून पुढे सरकले आणि उत्तराची फाईल पडद्यावर उमटली. तिने हिरवी चिठ्ठी लावली व ती नीट चिकटली आहे ना, हे बोटाने दाबून पाहिले.

रात्री सांगलीस फोन झाला.

“अण्णा, त्या मुलाची पट्टी जुळली का?”

“आज पहिल्यांदा जुळली. मी काही बोललो नाही बरं,” वडील म्हणाले.